सारकोमा, रेडिएशन आणि ऑक्सिजन चेंबर : केव्हा जावे, केव्हा थांबावे, जाताना काय पाहावे

माझ्या वहिनींच्या मांडीतील गाठ बायोप्सीत सारकोमा, म्हणजे स्नायू, चरबी, हाड अशा ऊतींचा कर्करोग, निघाली आणि रेडिएशनच्या तारखा ठरल्या, त्याच आठवड्यात एका ओळखीच्या गृहस्थांनी आमच्या हाती एक रंगीत पत्रक ठेवले. रेडिएशनच्या जोडीला ऑक्सिजन चेंबर घेतल्यास दुप्पट गुण येतो, असे त्यात छापले होते आणि चाळीस सिटिंगचे पैसे आगाऊ भरल्यास सवलतही होती. तेव्हा आम्ही गेलो नाही. पुढे अडीच वर्षांनी मात्र त्याच वहिनींना घेऊन मी दोन महिने ऑक्सिजन चेंबरच्या वाऱ्या केल्या, आणि त्याही रेडिएशनच्या डॉक्टरांनी स्वतः चिठ्ठी दिली म्हणून. उपचार एकच असताना पहिल्या वेळी तो नाकारणे आणि दुसऱ्या वेळी घेणे दोन्ही योग्य कसे, हे समजून घेतल्याशिवाय कोणीही पैसे भरू नयेत, म्हणून हे लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. उपचाराचा निर्णय आपल्या कर्करोगतज्ज्ञांचाच असतो. त्यांच्यासमोर बसताना कोणते प्रश्न विचारावेत आणि चेंबरमध्ये जाण्याआधी कोणती तयारी करावी, एवढेच येथे सांगता येईल.

चेंबरमध्ये नेमके काय होते

आपण श्वासावाटे घेतो त्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो आणि निरोगी माणसाच्या रक्तातील हिमोग्लोबिन तेवढ्यानेच जवळजवळ पूर्ण भरलेले असते. त्यामुळे साध्या दाबाला शुद्ध ऑक्सिजन दिला तरी हिमोग्लोबिनवर आणखी फारसा ऑक्सिजन चढवता येत नाही. दाब वाढवला की मात्र सोड्याच्या बाटलीत वायू विरघळावा तसा ऑक्सिजन रक्ताच्या द्रवभागात विरघळू लागतो. एरवी १०० मिलिलिटर रक्तात जेमतेम ०.३ मिलिलिटर ऑक्सिजन विरघळलेला असतो. ३ ॲटमॉस्फिअर दाबाखाली (१ ॲटमॉस्फिअर म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेचा नेहमीचा दाब) शुद्ध ऑक्सिजन घेतला तर हे प्रमाण सुमारे ६ मिलिलिटरपर्यंत जाते. प्रत्यक्ष उपचारात दाब बहुधा २ ते २.५ ॲटमॉस्फिअर एवढा ठेवतात. २.४ ॲटमॉस्फिअर म्हणजे समुद्रात सुमारे १४ मीटर खोल, साधारण चार मजली चाळीच्या उंचीइतके पाणी डोक्यावर असताना जाणवेल तेवढा दाब. हे शास्त्र खोल पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांच्या आजारांवरील उपचारांतून वाढले, आणि म्हणूनच मुंबईत त्याची जुनी जाण नौदलाकडे, कुलाब्याच्या अश्विनी रुग्णालयाच्या परिसरात आहे.

या उपचाराचे, म्हणजे हायपरबेरिक ऑक्सिजन थेरपीचे, नाव सांगून बाजारात जे जे विकले जाते ते सगळे हेच नसते. फुगवून उभे करायचे कापडी, मऊ चेंबर साधारण १.३ ॲटमॉस्फिअरपर्यंतच जाते. त्यात साधी हवा भरली तर १.३ गुणिले २१ म्हणजे २७ टक्के ऑक्सिजन साध्या दाबाला घेतल्यासारखे होते. वॉर्डातील साधा ऑक्सिजनचा मास्क याहून अधिक देतो. २.४ ॲटमॉस्फिअरवरील शुद्ध ऑक्सिजन हा खुल्या हवेतील ऑक्सिजनच्या अकरा पटींहून अधिक भरतो. त्यामुळे केंद्रात पाऊल ठेवल्यावर पहिला प्रश्न हाच विचारावा की चेंबर टणक कवचाचे आहे की कापडी, दाब किती देणार आणि आत श्वासाला शुद्ध ऑक्सिजन आहे की हवा. या तीन प्रश्नांना सरळ उत्तर मिळाले नाही, तर तेथे चहासुद्धा घेऊ नये.

रेडिएशन चालू असतानाच ऑक्सिजन : कल्पना जुनी, पुरावा अपुरा

पत्रकातील दावा मुळातच हवेतला होता असे मात्र नाही. किरणांनी पेशी मारली जाताना ऑक्सिजन हजर असला तर इजा कायम होते. ऑक्सिजनला मुकलेली पेशी तेवढीच इजा होण्यासाठी अडीच ते तीन पट मात्रा मागते. गाठ वेड्यावाकड्या वाढलेल्या रक्तवाहिन्यांवर जगत असते आणि वाहिनीपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांश अंतरापलीकडे ऑक्सिजन पोहोचत नाही, म्हणून गाठीच्या पोटात अशा उपाशी पण चिवट पेशी शिल्लक राहतात. सारकोमाच्या बाबतीतही हे खरे आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९६ मध्ये मृदू ऊतींच्या सारकोमात सुईसारखी इलेक्ट्रोड घालून ऑक्सिजन मोजला, तेव्हा कमी ऑक्सिजनच्या गाठी दूरवर पसरण्याचे प्रमाण अधिक दिसले होते.

मग गाठीत ऑक्सिजन भरूनच किरण का देऊ नयेत? लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात चर्चिल-डेव्हिडसन यांनी १९५५ मध्ये नेमके हेच करून पाहिले. रुग्णाला ३ ॲटमॉस्फिअरच्या दाबाखाली शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठेवले आणि चेंबरच्या भिंतीतून किरण दिले. पुढची तीन दशके अशा चाचण्या होत राहिल्या. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या आढाव्याने त्यांतील १९ चाचण्यांचे, २,२८६ रुग्णांचे निष्कर्ष एकत्र मांडले. डोके व मान यांच्या कर्करोगात गाठीवरचे नियंत्रण आणि जगण्याचे प्रमाण काही प्रमाणात सुधारलेले दिसले, पण ते बहुधा थोड्या सिटिंगमध्ये मोठी मात्रा देण्याच्या, आज वापरात नसलेल्या वेळापत्रकांत. त्याच वेळी निरोगी ऊतींना किरणांची गंभीर इजा होण्याचे आणि ऑक्सिजनमुळे झटका (फिट) येण्याचे प्रमाणही वाढले. या चाचण्या मुख्यतः डोके-मान, गर्भाशयमुख, मूत्राशय अशा कर्करोगांच्या होत्या. तो पुरावा उचलून सारकोमाला लावणे म्हणजे शेजारच्या घराची चावी आपल्या कुलपाला लावून पाहण्यासारखे आहे.

मुंबईच्या रुग्णासाठी आणखी एक व्यावहारिक अडचण आहे आणि माझ्या मते ती सर्वांत निर्णायक आहे. चेंबरमधून बाहेर आल्यावर गाठीतील वाढीव ऑक्सिजन काही मिनिटांतच ओसरू लागतो. म्हणूनच जुन्या काळी किरण चेंबरच्या आत देत असत, आणि जपानमध्ये मेंदूच्या गाठींवर जे प्रयोग झाले त्यांत चेंबरमधून काढल्यावर १५ मिनिटांच्या आत रेडिएशन सुरू करण्याची अट होती. आता समजा, चेंबर अंधेरीला आहे आणि रेडिएशनचे मशीन परळला. टॅक्सी माहीमला पोहोचेपर्यंत विकत घेतलेला ऑक्सिजन संपलेला असतो. चेंबर आणि मशीन एकाच इमारतीत, एकाच पथकाच्या वेळापत्रकात आणि मान्यताप्राप्त चाचणीचा भाग म्हणून असेल, संमतिपत्र मराठीत समजावून दिले असेल आणि रेडिएशनच्या डॉक्टरांचे त्यावर नाव असेल, तरच या वाटेचा विचार करावा. एरवी रेडिएशन चालू असताना चेंबर घेऊ नये, आणि डॉक्टरांना न सांगता तर कधीच घेऊ नये, कारण त्यांनी आखलेली मात्रा साध्या ऑक्सिजनचा हिशेब धरून आखलेली असते.

याउलट त्या काळात करण्यासारख्या गोष्टी कमी खर्चाच्या आहेत आणि घरीच करता येतात. तंबाखू, बिडी, मशेरी पूर्ण बंद करावी, कारण बिडीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनवर ऑक्सिजनची जागा अडवतो आणि पुढे शस्त्रक्रियेची जखमही बिघडते. हिमोग्लोबिन उतरले असेल तर ते का उतरले हे विचारून घ्यावे. रेडिएशनचे सिटिंग बुडवू नये. शस्त्रक्रियेआधीच्या रेडिएशनचे नेहमीचे वेळापत्रक पाच आठवड्यांत २५ सिटिंग, एकूण ५० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) असे असते. त्यातले खाडे चेंबरच्या कोणत्याही पॅकेजने भरून निघत नाहीत.

रेडिएशननंतरची इजा : येथे चेंबरची खरी जागा

रेडिएशननंतर सहा महिन्यांनी, कधी कधी काही वर्षांनी, किरण पडलेल्या भागातील बारीक रक्तवाहिन्या आक्रसत जातात. कातडी घट्ट, चामड्यासारखी होते, सांधा आखडतो, आणि साधे खरचटले तरी जखम महिनोन्‌महिने भरत नाही. शस्त्रक्रियेआधी रेडिएशन घेतलेल्यांना जखमेचा त्रास लगेचही होऊ शकतो. कॅनडात झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हातापायांच्या सारकोमासाठी आधी रेडिएशन घेतलेल्यांपैकी ३५ टक्के जणांना जखमेच्या मोठ्या अडचणी आल्या, तर नंतर रेडिएशन घेतलेल्यांपैकी १७ टक्के जणांना. असे असूनही डॉक्टर आधी रेडिएशन देणे पसंत करतात, कारण मात्रा कमी लागते आणि पुढे अवयव कमी आखडतो.

या उशिराच्या इजेत दाबाखालचा ऑक्सिजन पुन्हा पुन्हा दिला की रक्तपुरवठा तुटलेल्या भागात नव्या केशवाहिन्या फुटायला चालना मिळते. हा परिणाम एका सिटिंगचा नसतो. म्हणूनच आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे ३० ते ४० सिटिंग, म्हणजे सहा ते आठ आठवडे लागतात. रेडिएशनमुळे हाड व मृदू ऊतींना उशिरा झालेली इजा आणि जीव धरत नसलेली फ्लॅप (जखम झाकायला दुसरीकडून आणलेला मांस-कातडीचा तुकडा) किंवा कातडीरोपण या दोन्ही गोष्टी अमेरिकेतील अंडरसी अँड हायपरबेरिक मेडिकल सोसायटीच्या मान्य यादीत आहेत. कर्करोग बरा करणे मात्र त्या यादीत नाही.

येथेही सगळे सारखे समजू नये. उत्तर युरोपातील देशांत झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रेडिएशनमुळे मूत्राशयाला झालेल्या त्रासात स्पष्ट सुधारणा दिसली; ब्रिटनमधील २०१६ च्या चाचणीत आतड्यांच्या जुनाट तक्रारींना मात्र तुलनेसाठी दिलेल्या नाममात्र दाबाच्या उपचारापेक्षा अधिक गुण आला नाही. ओटीपोटातील सारकोमाच्या रुग्णांना हा फरक महत्त्वाचा आहे. हातापायांच्या घट्ट कातडीबाबत मोठ्या चाचण्यांचा आधार तोकडा आहे, म्हणून तेथे व्यायाम व फिजिओथेरपी आधी, आणि न भरणारी जखम असेल तर चेंबर, असा क्रम मला शहाणपणाचा वाटतो. ऑक्सिजनमुळे उरलेला कर्करोग फोफावेल ही भीती बहुतेक घरांत बोलून दाखवली जाते; आतापर्यंतच्या आढाव्यांत त्याला पुष्टी देणारा पुरावा मिळालेला नाही.

नाव घालण्याआधीच्या तपासण्या

पहिली आणि न टाळता येणारी गोष्ट म्हणजे न भरणारी जखम ही रेडिएशनचीच आहे, गाठ परत आलेली नाही, याची खात्री. त्यासाठी एमआरआय आणि गरज पडल्यास बायोप्सी व्हावी लागते. वहिनींची जखम भरेना तेव्हा या दोन्हींत तीन आठवडे गेले आणि घरात सगळ्यांची चिडचिड झाली, पण त्याआधी चेंबर सुरू केले असते आणि खाली गाठ असती, तर दोन महिने वाया गेले असते.

दुसरी गोष्ट छातीचा सीटी स्कॅन. सारकोमा पसरतो तो बहुधा फुप्फुसांत, आणि फुप्फुसाच्या कडेला असलेल्या गाठींमुळे फुप्फुसाभोवती हवा साठण्याचा धोका असतो. अशी साठलेली हवा उपचार न करता राहिलेली असेल तर चेंबरला पूर्ण मनाई आहे, कारण दाब उतरवताना ती फुगते आणि जीव जाऊ शकतो. जुना एक्स-रे दाखवून काम भागवू नये.

तिसरी गोष्ट किमोची यादी. सारकोमात सर्रास दिले जाणारे डॉक्सोरुबिसिन, तसेच सिस्प्लॅटिन आणि ब्लिओमायसिन ही औषधे घेतली असतील तर शेवटचा डोस कधी झाला हे तारखेसह लिहून न्यावे. डॉक्सोरुबिसिन चालू असताना चेंबर देत नाहीत. ब्लिओमायसिनने फुप्फुसे आधीच नाजूक झालेली असू शकतात. डॉक्सोरुबिसिनने हृदयाची ताकद कमी झालेली असेल तर चेंबरमध्ये फुप्फुसात पाणी होण्याची शक्यता असते, त्यामुळे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यावा. याशिवाय कानांची तपासणी, फिट्स येण्याचा इतिहास, दमा, गर्भधारणा, पेसमेकर किंवा किमोचे पोर्ट (औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेली डबी) या सर्वांची माहिती न विचारताही द्यावी. मधुमेह असल्यास प्रत्येक सिटिंगआधी साखर तपासतात, कारण आत ती उतरते. उपाशीपोटी जाऊ नये.

कागदांविषयी एक सूचना. बायोप्सी, रेडिएशनचा सारांश, म्हणजे कोणत्या भागाला किती ग्रे, किती सिटिंग, कोणत्या तारखांना, आणि शस्त्रक्रियेची नोंद यांच्या प्रती एका पातळ फाईलमध्ये वेगळ्या ठेवाव्यात. मोठी फाईल घेऊन रोज हिंडू नये. विमा किंवा शासकीय योजनेतून खर्च निघतो का, हे आधी लेखी विचारावे, आणि पैसे सिटिंगप्रमाणे किंवा दहा-दहाच्या टप्प्यांनी भरावेत. सगळे आगाऊ घेण्याचा आग्रह धरणाऱ्या केंद्राला माझा नकार राहील. लोकलने रोज जायचे असेल तर दिव्यांगांच्या डब्यात कर्करुग्णांना मुभा असते. रुग्णालयाचे कार्ड हाताशी ठेवावे.

प्रत्यक्ष सिटिंगचा दिवस

पहिल्या दिवशी वहिनी नेहमीसारख्या वेणी घालून, खोबरेल चोपडून आल्या होत्या. चेंबरच्या ताईंनी दारातच विचारले, "ताई, डोक्याला तेल लावलंय का?" आणि होकार मिळताच त्यांना शांपूने केस धुवायला पाठवले. त्या दिवसाचे सिटिंग तासभर लांबले, पण ताईंचे बरोबरच होते. शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेल, व्हॅसलिन, बाम, अत्तर, पावडर, नेलपॉलिश अशा गोष्टी पेट घेऊ शकतात. १९९७ मध्ये इटलीतील मिलान येथील एका रुग्णालयात चेंबरला आग लागून ११ जणांचा मृत्यू झाला होता. तेव्हापासून हे नियम अधिकच काटेकोर झाले. म्हणून केंद्रात नेमके काय तपासतात ते पहिल्या दिवशी पाहावे. अंगझडती कंटाळवाणी वाटली तरी ती होणे हे चांगल्या केंद्राचे लक्षण आहे.

आत फक्त शंभर टक्के सुती कपडे चालतात. नायलॉनची साडी, सिंथेटिक ब्लाउज, केसांचा टोप, श्रवणयंत्र, मोबाईल, घड्याळ, लायटर, काहीही नाही. जखमेवर व्हॅसलिनची जाळी असेल तर ड्रेसिंग बदलून घ्यावे लागते आणि सूज आवरणारा नायलॉनचा मोजा काढावा लागतो. मंगळसूत्राबाबत वहिनी जरा अडल्या. शेवटी त्यांनी ते माझ्या रुमालात बांधून दिले, आणि मी ते दोन तास मुठीत धरून बाहेरच्या बाकावर बसलो.

दाब चढू लागला की दहा-पंधरा मिनिटे कानात दडे बसतात आणि आत उकडते. ही वेळ सर्वांत महत्त्वाची, कारण या उपचारात सर्वाधिक होणारी इजा कानाचीच आहे. दडा बसण्याआधीच, दर काही सेकंदांनी, आवंढा गिळावा, जांभई द्यावी किंवा नाक चिमटीत धरून तोंड मिटून हलकेच फुंकर मारावी. जोर लावू नये. दुखायला लागले तर लगेच हात वर करून सांगावे, म्हणजे दाब थोडा उतरवतात. "जरा सहन करते" म्हणण्याचा आपल्याकडच्या बायकांचा स्वभाव येथे कामाचा नाही. वहिनींनी तिसऱ्या दिवशी तसेच केले आणि पुढचे चार दिवस कानाच्या पडद्याला सूज असल्याने सिटिंग बंद राहिले. पावसाळ्यात सर्दी झाली असेल तर त्या दिवशी जाऊच नये.

पूर्ण दाबावर साधारण ९० मिनिटे काढायची असतात, आणि अधूनमधून पाच-पाच मिनिटे ऑक्सिजनऐवजी साधी हवा देतात. झटका येण्याचा दुर्मीळ धोका त्याने आणखी कमी होतो. ओठ फडफडणे, कानात गुणगुण, मळमळ किंवा नजर अरुंद झाल्यासारखे वाटणे ही त्याची आगाऊ लक्षणे असू शकतात. ती आतल्या माणसाने ताबडतोब सांगायला हवीत. एका माणसाच्या नळीसारख्या चेंबरमध्ये कोंडल्याची भीती वाटणाऱ्यांनी आदल्या दिवशी रिकाम्या चेंबरमध्ये झोपून पाहण्याची परवानगी मागावी. वहिनींनी आत पडल्या पडल्या विष्णुसहस्रनाम पाठ म्हणायचे ठरवले होते. पहिल्या आठवड्यानंतर त्या सरळ झोपू लागल्या.

विसाव्या सिटिंगला थांबून पाहणे

दर आठवड्याला जखमेचा फोटो एकाच अंतरावरून, शेजारी पट्टी ठेवून काढावा आणि लांबी-रुंदी वहीत लिहावी, कारण रोज पाहणाऱ्या डोळ्याला बदल कळत नाही. विसाव्या सिटिंगच्या सुमारास या नोंदी घेऊन रेडिएशनच्या किंवा शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांकडे जावे आणि पुढची वीस घ्यायची की थांबायचे हे त्यांना ठरवू द्यावे. हा निर्णय चेंबरवाल्यांवर सोडू नये. वहिनींची जखम पहिल्या दोन आठवड्यांत जशीच्या तशी होती, चौथ्या आठवड्यात तिच्या तळाशी लालसर दाणेदार मांस दिसू लागले, आणि अडतिसाव्या सिटिंगला ती नखाएवढी राहिली. आखडलेला गुडघा मात्र चेंबरने सुटला नाही. त्याला फिजिओथेरपीच लागली.

याच सुमारास त्यांना स्टेशनवर समोरच्या इंडिकेटरवरील गाडीचे नाव वाचता येईना. अनेक सिटिंगनंतर तात्पुरता लघुदृष्टिदोष येतो आणि उपचार संपल्यावर काही आठवड्यांत ते काही महिन्यांत तो बहुधा जातो, म्हणून तेवढ्यात नवा चष्मा करू नये; मोतीबिंदू असेल तर मात्र तो पिकण्याची शक्यता असल्याने डोळे दाखवून घ्यावेत. वहिनींचा नंबर तीन महिन्यांनी जुन्या चष्म्यावर परत आला. शेवटच्या सिटिंगनंतर किती सिटिंग, किती दाब, किती मिनिटे आणि मध्ये आलेल्या अडचणी अशी नोंद केंद्राकडून सही-शिक्क्यासह घेऊन ती कर्करोगाच्या मूळ फाईलला लावावी, आणि ठरलेला छातीचा सीटी व एमआरआय यांच्या तारखा चेंबरमुळे पुढे ढकलल्या गेल्या असतील तर त्या त्याच दिवशी परत घेऊन याव्यात.